'इम्प्रेशन'ची छाप कुठली?

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांच्या 'इम्प्रेशनिझम' या पंथाला मराठीत प्रभाववाद म्हणावं की दृक्‌प्रत्ययवाद?

प्रभाववाद हिंदीत रुळलाय, तिथेच सुखाने नांदू द्या. मराठीत प्रभाव एकाचा दुसऱ्यावर पडतो. 'प्रभाववादी चित्रकार' म्हटलं की गृहस्थ कोणाच्या प्रभावाखाली होते, हेच मनात येतं. त्याहून वैताग आणतात ते 'इम्प्रेशन मारणे'वरून अर्थ लावणारे. म्हणे इम्प्रेशनिस्ट म्हणजे बघणाऱ्यावर छाप पाडणारा!

छाप या शब्दात आहेच, पण ती छापखान्यातली. मूळ लॅटिन धातूचा अर्थ दाबणे. फ्रेंचमध्ये या एकाच शब्दाने मनावर उमटलेलं, छपाई आणि कॅनव्हासवरचं अस्तर अशा तिन्ही गोष्टी कळतात. तिसरा अर्थ कोणी सांगतच नाही. कापडावर आधी सरसाचा हात द्यायचा, नाहीतर तेल मुरून धागे कुजतात. तो वाळला की वर तेलात घोटलेला शिशाचा सफेदा. पूर्वीचे चित्रकार त्यात अनेकदा तांबूस-तपकिरी रंग मिसळत. पण तेलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो, खालचा तपकिरी वर डोकावू लागतो आणि चित्र काळवंडतं. मोने, पिसारो या इम्प्रेशनिस्ट मंडळींनी पांढरी, करडी, सायीच्या रंगाची अस्तरं पसंत केली आणि फटकाऱ्यांच्या फटींतून ती बिनदिक्कत दिसू दिली. 'सालों' या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या परीक्षकांना मात्र ब्रशचा मागमूस नसलेला गुळगुळीत पृष्ठभाग हवा असे, आणि सालोंत चित्र लागलं नाही तर गिऱ्हाईक मिळणं कठीण.

म्हणून १८७४च्या एप्रिलमध्ये या मंडळींनी पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःच प्रदर्शन मांडलं. त्यात मोनेचं ल हाव्र बंदराचं एक चित्र होतं. ते शहराचं दृश्य म्हणून खपण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने यादीत नाव दिलं 'इम्प्रेशन, सूर्योदय'. 'ल शारिवारी' या व्यंगपत्रात समीक्षक लुई लरुआने त्यावरून या मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणत टर उडवली : भिंतीला लावायचा कागदसुद्धा गर्भावस्थेत या समुद्रचित्राहून जास्त पूर्ण असतो!

भिंतीचाच कागद का? बहुतेक लेखक 'स्वस्त सजावटीची वस्तू' एवढं म्हणून पुढे सरकतात. लरुआ स्वतः खोदकाम करून छापे काढणारा होता, हे त्यांना माहीत नसतं की सोयीचं नसतं, कोण जाणे. भिंतीच्या चांगल्या कागदावर आधी पार्श्वभूमीचा रंग फासत, मग रंगागणिक वेगळा लाकडी ठोकळा उमटवत. म्हणजे 'गर्भावस्थेतला' कागद कसा दिसेल? करड्या-निळ्या जमिनीवर एक नारिंगी ठोकळा उमटलेला, बाकीचे अजून यायचे! आता चित्र पाहा : निळसर करडं धुकं, पातळ रंगात दोनतीन होड्या आणि एक नारिंगी चकती. छापे काढणाऱ्याने 'छपाई' या अर्थाच्या शब्दावर केलेली ही कोटी आहे, असं माझं ठाम मत. फ्रेंचमध्ये या कागदाला 'रंगवलेला कागद' म्हणतात, हा आक्षेप ऐकलाय. नावाचं काय घेऊन बसलात, कागद छापलेलाच असे ना!

त्याच महिन्यात कास्तान्यारी या समीक्षकाने 'इम्प्रेशनिस्ट' शब्दाला भलेपणाने वेगळं वळण दिलं : हे लोक निसर्गदृश्य नव्हे, तर त्याने जागवलेली संवेदना रंगवतात. आपल्या विश्वकोशकारांचा 'दृक्‌प्रत्ययवाद' हा त्याच घराण्यातला. प्रति + इ, म्हणजे समोर चालत येणं. म्हणूनच आपल्याकडे प्रत्यय 'येतो'. शब्द अर्थाला चोख आहे, पण त्यात लरुआचा टोमणा शिल्लक नाही. १८७७च्या तिसऱ्या प्रदर्शनाला या लोकांनी (त्यांच्यातलाच चित्रकार देगा कुरकुरत असतानाही) तीच शिवी पाटी म्हणून लावली होती. आपण तिला सोवळं नेसवून पाटावर बसवलं. 'ठसेवाद' म्हटलं असतं तर निदान कोणी नाक तरी मुरडलं असतं.

हां, प्रश्न राहिलाच. दृक्‌प्रत्ययवाद लिहा, आणि 'क'चा पाय मोडायला विसरू नका.