चाळीस मिनिटांची पंचवीस

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक मजकूर काल संध्याकाळी दोनदा वाचला. त्या डबीत बोटाने उत्तर लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. नातू फोटो काढून पाठवेल.

जळगावच्या महोत्सवात पहिल्या दिवशी पहिलं गाणं तुझं, आणि त्याच्या दोन दिवस आधी धुळ्याला वाड्यातली बैठक. फार बरं वाटलं. पण खाली जोडलेली यादी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मारवा रागात संथ लयीचा विलंबित एकताल, जलद लयीचा द्रुत तीनताल, तराणा, मग नाट्यपद, मग अभंग, शेवटी भैरवी. चाळीस मिनिटांत! वरण-बट्टीचा पहिला घास तोंडात जायच्या आत जिलबी घेऊन धावणारा वाढपी असतो ना पंगतीत, तसं झालं हे.

भैरवीचं आधी निकालात काढू. भैरवी झाली की मैफल उठली. त्या रात्रीची भैरवी जो शेवटी गाणार त्याची. तू सायंकाळी पावणेसातला भैरवी म्हटलीस तर पुढच्या रांगेतले जुने कानसेन एकमेकांकडे बघतील. तोंडावर कुणी काही बोलणार नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही. पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही, एवढंच.

आता त्या चाळीस मिनिटांबद्दल. पत्रिकेवर सहा छापलं असेल. सहाला पाहुणे यायचे असतात. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, प्रायोजकांचं मनोगत. मनोगत हा शब्द आला की पंधरा मिनिटं गेली असं समजायचं. दुसरीकडे रात्रीची हद्द ठरलेली. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले तेव्हापासून उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. बंद नाट्यगृहाला तो नियम तसा लागत नाही, पण तिथे भाड्याची वेळ असते आणि भुसावळची गाडी पकडणारे श्रोते असतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, तो पुढे कित्येक वर्षं रात्र-रात्र चालायचा. दरबारी हा रात्री उशिराचा राग त्याच्या वेळेला ऐकायला मिळायचा. आता तो राग बराच आधी आटपून घ्यावा लागतो. असो. सांगायचं ते हे की संध्याकाळ मागून सरकते, पुढे भिंत आहे, आणि मधे चेपला जातो तो पहिला कलाकार. मोठ्या पाहुण्याचा वेळ कुणी कापत नाही. तेव्हा तुझी चाळीस मिनिटं पंचवीस होणार असं धरूनच बस. विंगेतून कुणीतरी घड्याळ दाखवणार, तेव्हा चेहरा पडू द्यायचा नाही.

पंचवीस मिनिटांत एकच राग गा. विलंबित, मग द्रुत, बस्स. हे मी चवीसाठी म्हणत नाही, हिशेब आहे. मारव्यात पंचम, म्हणजे प हा सूर, नाही. तंबोऱ्याची पहिली तार एरवी पंचमावर असते, ती निषादावर (नि) घ्यावी लागते, कुणी धैवतावर (ध) घेतात. नाट्यपदाला आलीस की ती परत पंचमावर उतरवायची, आणि दोन तंबोरे असले तर दोन्ही. नुकतीच उतरवलेली तार लगेच थारत नाही, ती सरकत राहते. म्हणजे तीन मिनिटं लावण्यात गेली, आणि त्या तीन मिनिटांत हजार माणसं खोकायला लागली. थंडीच्या दिवसांत एकाने खोकलं की सगळ्या नाट्यगृहाला आठवण होते.

जळगावात नाट्यपदाचा आग्रह होणार, ते मला ठाऊक आहे. नारायणराव राजहंस लहानपणी जळगावात मेहबूबखाँकडे शिकले, पुढे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले आणि बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राचे झाले. पण गावाने त्यांना अजून सोडलेलं नाही. आग्रह झाला तर नमस्कार कर आणि हस. धुळ्याला मात्र कुणी म्हटलं तर जरूर गा, तिथे वेळ असेल.

आणि एक अदलाबदल करून बघ. मारवा धुळ्याच्या बैठकीत गा, जळगावला पूरिया धनाश्री घे. जानेवारीत आपल्याकडे सहा-सव्वासहाला दिवस मावळतो, दोन्ही राग त्याच वेळेचे. पूरिया धनाश्रीत पंचम आहे, तंबोरा नेहमीसारखा राहतो, नवख्या माणसाला तेवढा आधार पुरतो. भाषणं फारच लांबली तर यमन तयार ठेव. मात्र संयोजकांना आधी विचार, मोठे कलाकार काय गाणार आहेत. ते यमन गाणार असतील तर तू त्या वाटेला जायचं नाही. हा मान आहे, भीती नव्हे.

मारवा खोलीतच का, ते सांगतो, कारण या पत्रात मला खरं तेवढंच सांगायचंय.

चेंबर म्युझिक म्हणतात त्यातला चेंबर म्हणजे खोलीच. मुंबईला एकदा साहेबी वाद्यांचं चौकडं ऐकायला गेलो होतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. हातात काठी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. मी पुढे बसलो होतो. पहिल्या व्हायोलिनवाल्याने नाकाने श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला, आणि चारही गज एकदम पडले. म्हटलं, अरे, ही तर आपली बैठक! तुझ्या तबलजींना तुझा श्वास दिसला पाहिजे आणि पेटीवाल्याला तुझी मान. स्टेजवर फोटो चांगला यावा म्हणून माणसांना लांब लांब बसवतात, ते धुळ्याला होऊ देऊ नकोस. जळगावलाही शक्य तेवढं जवळ ओढून घे.

आता माझी फजिती ऐक. मी तिशीत होतो, साथीला पेटीवर. भुसावळला रेल्वेच्या बंगल्यात बैठक. पंचवीस-तीस माणसं, गाद्या, लोड, दाराशी चपलांचा ढीग. गाणाऱ्या बाई साठीच्या, बाहेरगावच्या. त्यांनी यमन सुरू केला आणि गंधारावर थांबल्या. मला वाटलं, बाईंचा दम संपला, आपण सांभाळून घ्यावं. मी नि रे ग, रे ग, करत ती जागा भरून काढली. बोटं चांगली चालायची तेव्हा, त्याचीही खाज होतीच. दुसऱ्यांदा थांबल्या, मी पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डावा हात पेटीच्या भात्यावर ठेवला. हळूच, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. भाता थांबला. उरले फक्त तंबोरे. लांब यार्डात शंटिंगचा एक ठोका झाला. समोर एक म्हातारे डोळे मिटून बसले होते, त्यांची मान सावकाश खाली आली. तेव्हा कुठे बाईंनी पुढचा सूर घेतला.

जेवताना त्या याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. भरिताची वांगी काड्यांवर भाजतात की कोळशावर, एवढंच विचारत होत्या. मी पानावर मान खाली घालून बसलो होतो.

मारव्यात गवई षड्ज, म्हणजे सा, लपवतो. रिषभ-धैवतात फिरत राहतो, ऐकणाऱ्याला घरी येऊ देत नाही. त्यात थांबलीस तर दहा फुटांवरचा माणूस तुझ्याबरोबर ताटकळतो, आणि मग सा आला की त्याच्या तोंडून आपोआप हुंकार निघतो. मोठ्या नाट्यगृहात स्पीकरची घुमी त्या थांबण्यात भरून राहते, कोमल रिषभाची धार जाते. शिवाय तिथे तू थांबलीस की लोकांना वाटतं मुलगी विसरली. म्हणून म्हणतो, थांबण्याची सवय खोलीत कर.

पेटीवाला कुणीही असो, अगदी मी असलो तरी, त्याला हे आधी सांग. पेटीतला कोमल रिषभ एका जागी खिळलेला, तुझ्या गळ्यातला हलता. उगाच नाही आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं आमच्या वाद्याला दाराबाहेर ठेवलं. मला त्याचा राग यायचा, आता निम्माच येतो.

अमळनेरच्या उत्सवात तू गायलीस तेव्हा एक शेतकरी बाबा उठून म्हणाले, "माय, कसाले पळी राहिनी तू?" म्हणजे, कशाला पळतेस तू? तू ते फार मनाला लावून घेतलंस. मला विचारशील तर तुला आजवर मिळालेली ती सगळ्यांत चांगली दाद. त्यांना एकताल कळत नसेल, पण धावणारं माणूस कळतं.

बैठकीचं थोडं व्यवहाराचं. चाळीस माणसांना माइक लागत नाही. यजमानांचा पुतण्या स्पीकर घेऊन येईल, नवा घेतलेला असेल, त्याला वाईट न वाटता नको म्हण. नवीन फरशीचं, उघड्या भिंतींचं घर असेल तर आवाज भिंतीभिंतीवर आपटतो. सतरंज्या, गाद्या, पडदे लावून घे. जुन्या लाकडी माळवदाखाली किंवा धाब्याच्या घरात मात्र असा सूर लागतो की पैसे नकोत. तबलजींना म्हणावं, दादा, बायाँ, म्हणजे डग्गा, जरा दाबून. बंद खोलीत तो गळ्यावर चढतो.

आणि पट्टी! तू ज्या सुराला सा धरून गातेस ती, तुझी काळी चार, पेटीची चौथी काळी पट्टी, तबलजींना आठ दिवस आधी कळव. काळी एकला लागणारा तबला हातोडीने ठोकून काळी चारला नेता येत नाही, मग आयत्या वेळी गावभर दुसरा तबला शोधत फिरावं लागतं. मी फिरलोय.

जळगावला दिव्यांकडे लक्ष असू दे. स्टेजवरचे दिवे तापले की तबल्याची पुडी सुकून चढते आणि तंबोऱ्याच्या तारा सैल होऊन उतरतात. म्हणजे ग्रीनरूममध्ये जुळलेली जोडी पंधरा मिनिटांत एकमेकांना पाठ दाखवते. म्हणून दुपारी रिकाम्या स्टेजवर जा, सगळे दिवे लावायला सांग, वाद्यं अर्धा तास तिथेच राहू दे आणि मग लाव. ध्वनीवाल्या पोराशी गोड बोल. त्याला सांग, घुमवणारं ते बटण शून्याच्या जवळ ठेव, आणि माझ्यासमोरच्या स्पीकरमध्ये मला तंबोरा दे, माझा आवाज नको. बरेच गायक स्वतःचाच आवाज मागतात आणि सुरातून जातात.

या दिवसांत कापसाचा हंगाम असतो. जिनिंगच्या बाजूने जाताना नाकातोंडावर रुमाल ठेव, ती तूस घशात बसली की दोन दिवस सूर किरकिरा लागतो. आणि धुळ्याचे यजमान गाण्याआधी भरीत आणि कळण्याची भाकरी पुढे करतील. हिरव्या मिरचीचं ते भरीत, वर कच्चं तेल. हात जोडून म्हण, गाणं झाल्यावर दोन घास जास्त खाते. आणि खा.

बिदागीचं पाकीट आधी साथीदारांच्या हातात पडलं की नाही ते बघ, मग तुझं उघड.

तुझी आई म्हणते तू पहाटे खर्ज, खालच्या सुरांचा रियाज, धरतेस पण दहा मिनिटांत उठतेस. थंडी आहे, कळतं. गोधडी घेऊन बस.

तुझा,
नाना

ता. क. धुळ्याला एसटीने येणार असशील तर तंबोरा टपावर जाऊ देऊ नकोस. त्याचं वेगळं तिकीट काढ आणि खिडकीकडे बसव, भोपळा सीटवर, गवसणीला आतून एक जुनी गोधडी. आणि पेटीला मीच येतोय. मंद्रातला एक निषाद हवा धरत नाही, रविवारी जीभ घासून बसवतो. तोपर्यंत मारव्याची बंदिश ठरव आणि कोणत्या मात्रेवरून उठतेस ते कळव.