शंट बंद पडला, तो माझ्यामुळे का?

लहान मुलांच्या मेंदू-शस्त्रक्रिया विभागात समुपदेशन करताना एक प्रश्न आया हमखास विचारतात, आणि तोही सगळे बोलणे संपवून उठता उठता: "मॅडम, हे माझ्या हातून तर झालं नाही ना?"

सातारा जिल्ह्यातून आलेल्या एका आईने तो विचारला, तेव्हा तिच्या नऊ महिन्यांच्या बाळाची दुसरी शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. तिसऱ्या महिन्यात त्याला शंट बसवला होता. मेंदूच्या पोकळीत साठणारे पाणी कानामागच्या झडपेतून आणि कातडीखालच्या नळीतून पोटात उतरावे, अशी ती सोय. मग एका सकाळी बाळ ओकू लागले, दूध सोडून नुसते पेंगू लागले. घरात सर्वांनी दातांवर ढकलले. आदल्या दिवशी आजीने टाळू भरली होती आणि डॉक्टर त्यावरून रागावतील, या धास्तीने निघायला दोन दिवस गेले.

हलक्या हाताने लावलेल्या तेलाने आतली नळी तुंबत नाही, हे मी आधी आजींना सांगितले, कारण खरे ओझे त्यांच्यावर होते. नळी बहुधा आतूनच, पेशी आणि तंतू अडकून बंद पडते; मुलांमधील साधारण ३० ते ४० टक्के शंट पहिल्या वर्षभरातच बिघडतात आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. जंतुसंसर्ग बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत होतो. त्यात ताप येतो, नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज दिसते, आणि बहुधा जुना शंट काढून, पाणी तात्पुरते बाहेरच्या पिशवीत सोडून, शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. पाणी निर्जंतुक झाल्यावरच नवा शंट बसतो. हे ऐकून आई घाबरेल, असे वाटले होते. उलट तिने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिले.

बाळ शांत असताना त्याला मांडीवर उभे धरून मी आजींची बोटे टाळूवर ठेवली. रडताना टाळू फुगतेच, ती खूण धरायची नाही. शांत बसलेल्या बाळाची टाळू ताठ लागली, नजर खाली वळलेली राहिली, झटका आला किंवा बाळ उठवूनही नीट जागे होईना, तर घरी वाट पाहायची नाही. शिवणाच्या मशीनवरची टेप वापरून दर रविवारी डोक्याचा घेर वहीत लिहायचे ठरले. या वयात तो महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो. टाके भरेपर्यंत तेल बंद, आणि नंतरही झडपेवर दाब द्यायचा नाही, हे आजींनी दोनदा म्हणून दाखवले.

दीड महिन्याने पहाटे त्यांचाच फोन आला. "टाळू मऊ हाय, ताप नाही, पण दोनदा ओकलाय आन् डोळे उघडंना. निघू का?"

मी म्हटले, "निघा. वही बरोबर घ्या."