पडत्या पाण्यावर मोटर चालेल का?

प्रश्न (यावल तालुक्यातले एक केळी उत्पादक): सर, आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते, अंधारात केळीत जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती. मोबाईलवर एक व्हिडिओ आलाय, टाकीतलं पाणी खाली सोडायचं, त्यावर छोटं टर्बाइन फिरवायचं आणि त्याच विजेवर मोटर लावून पाणी परत टाकीत. माझी टाकी 10 मीटर उंचावर आहे, 1000 लिटरची. जमेल का?

उत्तर: नाही जमणार भाऊ. त्या व्हिडिओवाल्याची वायर कुठूनतरी लपवून आणलेली असणार, बाकी काही नाही.

हिशोबच करू ना. 1000 लिटर म्हणजे 1000 किलो, गुणिले 10 मीटर, गुणिले 9.8, झाली 98 हजार ज्यूल ऊर्जा. ऐकायला लई वाटतं, पण बिलातलं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, त्यामुळे अख्खी टाकी रिकामी केली तरी 0.03 युनिटसुद्धा होत नाही, 9 वॅटचा एक एलईडी बल्ब तीनेक तास जळेल, तेही रस्त्यात काहीच वाया गेलं नाही असं धरून. आणि वाया तर जातंच! पाणी पाइपाला घासतं, टर्बाइनमधून बाहेर पडतानाही थोडा वेग घेऊनच जातं, मोटरला हात लावून बघा, ती तापते ती तुमच्याच विजेवर. तेच पाणी वर चढवायला पंपाला 98 हजार नाही तर सहज दीडदोन लाख ज्यूल लागतात. मग उरलेले आणायचे कुठून?

घाटघरचा 250 मेगावॅटचा वीज प्रकल्प पाणी वर चढवून परत खाली सोडतोच की, असं कोणी म्हणेल. पण तोसुद्धा देतो त्यापेक्षा जास्त वीज खातो, फायदा एवढाच की मागणी कमी असते तेव्हा चढवायचं अन् टंचाईच्या वेळी सोडायचं.

तुमच्या कामाचं तेवढंच आहे. दिवसा सोलर पंपाने टाकी भरा, रात्री नुसता व्हॉल्व्ह उघडा किंवा टायमर लावा. 10 मीटरवरून साधारण एक किलोचं (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो) प्रेशर मिळतं, ड्रिपला फिल्टरचा तोटा धरून जरा कमी पडेल पण चालतं. अडचण वेगळीच आहे, उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला 20 लिटर धरले तर तुमच्या टाकीत 50 झाडंच भिजतात. शेताला उंचवटा असेल तर तिथे शेततळं बघा.