समुद्र तापल्याने सूक्ष्मजीव आणि पोषकद्रव्यांच्या चक्रावर काय परिणाम होतो?

प्रश्न नागपुरातून आला आहे, म्हणून उदाहरणही इथलेच घेतो. मे महिन्यात अंगणातल्या हौदात हात घातला, तर वरचे पाणी कोमट आणि तळाचे गार लागते, कारण गरम पाणी हलके असल्याने ते वरच तरंगत राहते. समुद्रातही हेच घडते. पृष्ठभाग जितका अधिक तापतो, तितके खालचे नायट्रेट व फॉस्फेट या पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर मिसळणे कठीण होते, आणि पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा उचलणाऱ्या वनस्पतीप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, उपासमार होते. अशा वेळी डायटम या मोठ्या वनस्पतीप्लवकांपेक्षा प्रोक्लोरोकॉकससारखे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आणि प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू तग धरतात. ते सहज तळाशी बुडत नसल्याने प्लवकांसोबत खोल समुद्रात जाणारा कार्बन घटतो.

माझ्या मते खरी चिंतेची बाब अरबी समुद्रातील प्राणवायूची आहे. गरम पाण्यात तो कमी विरघळतो, शिवाय उष्णतेने जिवाणूंचे श्वसनही वाढते. तिथे सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर आधीच प्राणवायूचा तीव्र तुटवडा आहे. त्या थरातील जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरून त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, म्हणजे समुद्राचे खतच हवेत उडून जाते. याच प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे.