पोस्टर आणि पाटीसाठी सत्तरच्या दशकातला वाटेल असा जाड फॉन्ट कोणता?

तुम्ही विचारलंय की नाटकाच्या पोस्टरसाठी सत्तरच्या दशकातला वाटेल असा जाडजूड फॉन्ट हवा आहे, मजकूर मराठी आणि थोडा इंग्रजी, आणि तोच फॉन्ट बाहेरच्या पाटीवरही चालेल का. पोस्टरवर चालेल, पाटीवर बहुतेक फसेल. दोन्हीकडे एकच फॉन्ट लावायची माझी हौस एकदा चांगलीच फिटली आहे, म्हणून आधीच सांगते.

'रेट्रो' या एका शब्दात लोक तीन वेगळे काळ कोंबतात. एक लाकडी खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षर-ठोकळ्यांचा. शिशाचा खिळा फार मोठा केला की जड होतो, महाग पडतो आणि ओतताना सपाटही येत नाही. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी अक्षरं यंत्राने कोरायला सुरुवात केली आणि पोस्टरवरची अक्षरं बघता बघता वाढली. दुसरा काळ १९२०-३० चा, ब्रॉडवे आणि फ्युचुरा ब्लॅक या फॉन्टांचा. तुम्हाला हवा तो तिसरा. गंमत म्हणजे सत्तरची ओळख बनलेला कूपर ब्लॅक सत्तरचा नाहीच. ऑस्वाल्ड कूपरचा हा टाइप शिकागोच्या फाउंड्रीने, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, १९२२ मध्ये बाजारात आणला. पुढे फोटोटाइपसेटिंग (खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी) आणि लेट्रासेट (घासून कागदावर उतरवायची अक्षरं) आलं, अक्षरं खिळ्याच्या चौकटीतून सुटली, एकमेकांना खेटून बसवता येऊ लागली, आणि या गुबगुबीत अक्षराला दुसरा जन्म मिळाला. त्या काळाचा भास निम्मा अक्षराच्या आकारात असतो, निम्मा त्या खेटून बसण्यात. कूपर ब्लॅक ऐसपैस अंतर ठेवून लावलात तर तो बाळांच्या खेळण्यावरचा मजकूर वाटतो.

मराठीची अडचण इथेच आहे. देवनागरीत अंतर कमी केलं की काना शेजारच्या अक्षरात घुसतो, वाढवलं की शिरोरेघ तुटते. अंतराला हात न लावता तो घट्टपणा अक्षरातच असलेला फॉन्ट शोधावा लागतो. माझ्या मते त्यासाठी 'मोदक' सगळ्यात जवळचा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. इतका जाड की अक्षराच्या पोटातली पोकळी नुसती रेघ उरते. कूपर ब्लॅकशेजारी तो छान बसतो. त्यांचाच 'बलू' जरा शांत आहे आणि त्यात कमी-जास्त जाडीही मिळते. 'रोझा वन' कोणी सुचवला तर तो सुंदर आहे, पण पहिल्या काळाचा, जाड-बारीक रेघांचा टोकाचा फरक असलेला. तुमच्या नाटकाला नको.

मोदक फक्त नाटकाच्या नावाला लावा, दोन-तीन शब्दांना. तारीख, वेळ, कलाकारांची नावं बलूच्या मधल्या जाडीत.

निवडताना काळ्या भागाकडे बघू नका, आतलं पांढरं किती उरतंय ते बघा. जाडी वाढली की गाठी बुजतात आणि 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची शिरोरेघेतली फट मिटते. मग लांबून 'ध'चा 'घ' होतो, 'भ'चा 'म' होतो. 'अर्ज भरा' हे 'अर्ज मरा' असं वाचलं गेलेलं मी पाहिलं आहे. तुमचं शीर्षक पडद्यावर दहा टक्क्यांवर आणून डोळे बारीक करून वाचा. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येत असतील तर तिथे खास बघा, जाड फॉन्टात तिथेच चिखल होतो.

आता पाटी. लॅटिन कॅपिटलसाठी ढोबळ हिशेब असा, की दर ३ मीटर अंतराला अक्षराची उंची २५ मिलिमीटर. ३० मीटरवरून आरामात वाचायचं तर २५० मिलिमीटर. मराठीत मी ही उंची मात्रा-वेलांट्या सोडून, नुसत्या अक्षराच्या अंगाची धरते आणि वर थोडी वाढवते. पाटीमागे एलईडी असतील तर उजेड कडांबाहेर पसरतो आणि उजळ अक्षर आहे त्याहून जाड दिसतं. मोदकची ती रेघेएवढी पोकळी अशा पाटीवर रात्री गायब होईल. तिथे बलू घ्या, तोही सगळ्यात जाड नको.

माझी फजिती मात्र दिवसाउजेडी झाली. व्हिनाइल (चिकटवायचा प्लास्टिकचा पत्रा) कापून पाटी करायची होती, फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून दिली आणि निर्धास्त झाले. देवनागरी फॉन्टात प्रत्येक अक्षर शिरोरेघेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पडद्यावर, छापील कागदावर ते एकसंध दिसतं. कटरचं पातं मात्र प्रत्येक तुकड्याची कड इमानाने कापत गेलं. चिकटवलेल्या पाटीवर दर दोन अक्षरांमध्ये बारीक चिरा, आणि आठवड्याभरात त्या चिरांपासून व्हिनाइल सुटायला लागलं. दोष कापणाऱ्याचा नव्हता, माझ्या फाइलचा होता. अक्षरांना बाहेरून रंगीत किनार दिली तरी हेच सांधे उघडे पडतात.

कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, मग रंग बंद करून नुसत्या रेघांच्या व्ह्यूमध्ये शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. मध्ये एकही आडवी-तिडवी रेघ दिसली तर फाइल पाठवू नका. आणि मोदकमध्ये वेल्ड करताना पोटातल्या त्या रेघा भरून तर गेल्या नाहीत ना, तेवढं बघा.