प्रेस्बिटेरियन मंडळी समाजसेवा करते म्हणजे नेमकं काय करते? (ऐझॉलमध्ये जवळून बघितलेलं)

तुम्ही विचारलंय की प्रेस्बिटेरियन (ख्रिश्चनांमधला एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चवाले समाजसेवा करतात म्हणजे नक्की काय करतात, आणि ते सगळं शेवटी धर्मप्रसारासाठीच असतं का. मी ख्रिश्चन नाही, पण मिस्टरांच्या बदलीमुळे 2021 च्या शेवटापासून जवळजवळ तीन वर्षं मिझोरमला ऐझॉलमध्ये राहिले, भाड्याचं घर चर्चच्या अगदी खालच्या उतारावर होतं, त्यामुळे जे रोज डोळ्यांसमोर होतं ते सांगते.

तसं हे नाव मला लहानपणापासून माहीत होतं कारण मी मिरजेची. आमचं वानलेस हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं, माझा जन्म तिथलाच. आणि मिझोरममध्ये मुक्काम करून काम करणारे पहिले दोन ब्रिटिश मिशनरी पोचले तेसुद्धा 1894 च्याच जानेवारीत, 11 तारखेला, तिकडे त्या दिवशी अजून सरकारी सुट्टी असते. मिझो भाषेला लिपी त्या दोघांनी बसवून दिली. नंतर 1897 पासून वेल्सच्या प्रेस्बिटेरियन मिशनने तिथे काम सुरू केलं. आज राज्यातले 87 टक्के लोक ख्रिश्चन आहेत आणि त्यात सगळ्यात मोठं चर्च प्रेस्बिटेरियनच.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरमालकीणबाई साठीच्या होत्या, मी त्यांना 'पी' म्हणायचे, तिकडे मोठ्या बाईला आदराने तसंच म्हणतात. तिकडे जेवण सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, दोन्ही वेळा भातच. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, त्यांनी तांदूळ मापून पातेल्यात घेतले आणि धुवायच्या आधी त्यातले मूठभर परत काढून शेजारच्या डब्यात टाकले. मला वाटलं माप जास्त झालं असेल. संध्याकाळी परत तेच. विचारलं तर म्हणाल्या हे 'बुहफाई थाम', म्हणजे मूठभर तांदूळ, देवाचा वाटा. आठवड्यातून एकदा चर्चच्या महिला मंडळाच्या बायका (कोह्रान ह्मेइछिया म्हणतात त्यांना) घरोघर फिरून तो डबा रिकामा करून नेतात, सगळे तांदूळ एकत्र करून विकतात, आणि पैसे चर्चकडे जातात. शंभरावर वर्षं हे चाललंय.

आता हिशोब करून बघा. एका मुठीत पन्नासेक ग्रॅम धरा, दिवसाला दोन मुठी, म्हणजे एका घराचे महिन्याला तीन किलो. दोनशे घरांची मंडळी (म्हणजे एका चर्चची माणसं) असेल तर सहाशे किलो. आणि अशा शेकडो मंडळ्या आहेत, म्हणून सगळ्यांची मिळून रक्कम वर्षाला कोटींमध्ये जाते. यात श्रीमंत देणगीदार कुणीच नाही. ज्या घरात रोख पैसा नसतो तिथेही भात शिजतोच, त्यामुळे गरीब बाईसुद्धा घेणारी न राहता देणारी होते, मला यातलं हे सगळ्यात जास्त भावलं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड होताच की, घरोघरून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली पोरं शिकवली. माझे आजोबा त्याबद्दल फार अभिमानाने सांगायचे. आपल्याकडे ती गोष्ट मी आजोबांकडून ऐकली, तिकडे ती रोज चुलीपाशी बघितली.

धर्मप्रसाराचं विचारलंत तर सरळ सांगते, हो, त्या पैशातला मोठा भाग मिशनच्या कामालाच जातो, दुसऱ्या राज्यांतल्या मिशनरींचा पगार, तिथल्या मिशनच्या शाळा. ते हे लपवतही नाहीत. पी ना मी विचारलं होतं की सेवा कुठली आणि प्रचार कुठला, त्यांना प्रश्नच कळला नाही, त्यांच्या मनात दोन वेगळे कप्पेच नाहीत. मला मात्र तीन वर्षांत एकदाही कुणी धर्म बदलायचं सुचवलं नाही. ख्रिसमसला गल्लीची सामूहिक पंगत असते, रुआई म्हणतात, तिथे आम्ही मांस खात नाही म्हणून आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बटाटे आणि अंडी उकडून ठेवली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

बाकीची कामं तरुणांकडे. चर्चची युवक संघटना केटीपी, आणि तिच्या जोडीला वायएमए, म्हणजे यंग मिझो असोसिएशन, ही 1935 ची, चर्चची नाही पण पोरं तीच. मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकाच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं, रात्री साडेअकरा वाजले होते, ब्लड बँकेत तो ग्रुप नव्हता, शेजाऱ्याने केटीपीच्या एका पोराला फोन केला आणि अर्ध्या तासात तीन मुलं रक्त द्यायला हजर, नाव-गाव काही न विचारता. ती बाई आसामची होती.

आणि मयत. वेंगमध्ये (म्हणजे मोहल्ल्यात) कुणी गेलं की लाउडस्पीकरवर सांगतात, आणि मग त्या घराला काहीच करावं लागत नाही. पोरं कुदळ-फावडी घेऊन खड्डा खणायला जातात, बायका चहाचं बघतात, रात्रभर घर भरलेलं असतं आणि लोक दुःखाची गाणी गात बसतात, पुढचे काही दिवस संध्याकाळी परत येतात. समोरच्या घरातला मुलगा ड्रग्जने गेला, चोवीस वर्षांचा, तेव्हा मीही जाऊन बसले, गाणी कळत नव्हती पण उठावंसं वाटलं नाही. दुसऱ्यासाठी स्वतःची पर्वा न करता धावायचं याला मिझो भाषेत 'त्लॉमङाईना' म्हणतात, तो संस्कार ख्रिश्चन होण्याच्या आधीपासूनचा आहे, चर्चने त्याला वह्या, वेळापत्रक आणि वर्गणी जोडली असं मला वाटतं.

सरकारच्या आधी हे लोक पोचतात तेही बघितलं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथल्या चिन जमातीचे तीस हजारांवर लोक मिझोरममध्ये आले, मे 2023 मध्ये मणिपूर पेटलं तेव्हा आणखी बारा हजार. अकरा लाखांच्या आसपास लोकसंख्येचं राज्य आहे हो ते! चर्च, वायएमए, विद्यार्थी संघटना सगळ्यांनी मिळून तांदूळ, ब्लँकेटं, कपडे गोळा केले. आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर पोत्यांची थप्पी लागली होती, मी पण दोन स्वेटर आणि डाळ दिली.

शिवाय ऐझॉलजवळ दुर्तलांगला डोंगरावर प्रेस्बिटेरियन चर्चचं जुनं हॉस्पिटल आहे, 1928 चं.

सगळंच छान आहे असं नाही. एचआयव्हीचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त तिथे आहे आणि सुयांमधून, संबंधांमधून पसरणाऱ्या आजाराबद्दल चर्चच्या हॉलमध्ये मोकळं बोलणं लोकांना जड जातं, व्यसनातल्या पोरांच्या आया तोंड लपवून चालायच्या. आणि एक गोष्ट मला फार लागली, बायका रोज दोन मुठी काढतात, गोळा करतात, विकतात, हिशोब ठेवतात, पण मी होते तोपर्यंत पाळक (म्हणजे चर्चचा धर्मगुरू) म्हणून एकाही बाईला दीक्षा मिळालेली नव्हती. पी ना हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्या नातींच्या वेळी होईल. हे बोलताना त्यांचे हात तांदूळ निवडत होते.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर इनर लाइन परमिट (बाहेरच्या राज्यातल्यांना मिझोरममध्ये जायला लागणारा सरकारी परवाना) काढून जा, हॉटेलऐवजी कुणाच्या घरी राहायला मिळालं तर बरं, आणि शनिवारीच खायला काही आणून ठेवा, रविवारी एकही दुकान उघडं नसतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला स्वयंपाकघरात बसायची परवानगी मागा, कुणी नाही म्हणणार नाही.