सगळं आणून दिलं, तरी माणसं ऐकत नाहीत!

“मॅडम, मास्क दिले, हातमोजे दिले, बूट दिले. भिंतीवर पाट्या रंगवल्या. तरी माणसं ऐकत नाहीत. आता आणखी काय करायचं?”

समुपदेशक म्हणून हे गाऱ्हाणं मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याच्या पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: “त्यांनाच जिवाची पर्वा नाही, तर मी किती डोकं फोडू?” डाळमिलवाले येतात, गिट्टीखदानवाले येतात. मागे एक बँकेचे शाखाधिकारी आले होते. त्यांच्याकडे बूट-मोज्यांचा प्रश्न नव्हता. ‘ताण असेल तर मोकळेपणाने बोला’ असा कागद त्यांनी नोटीस बोर्डावर लावला होता आणि सहा महिन्यांत एकही माणूस बोलायला आला नव्हता. “माझ्या स्टाफला ताण नसेलच बहुतेक,” असं ते म्हणाले, जरा आशेनेच.

या सगळ्यांना उत्तर म्हणून एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलची, गोष्ट लिहिते. वर्धा नदीच्या पट्ट्यातलं गाव आहे, यापेक्षा जास्त सांगत नाही. मालकांची आणि मजूर बायांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालक चाळिशीच्या अलीकडचे. गळ्यात पांढरा दुपट्टा. आपल्याकडे उन्हासाठी घेतात तो, पण हे डिसेंबरातही घालून यायचे आणि बोलताना त्याचं टोक बोटाला गुंडाळायचे, सोडायचे. आले होते झोपेसाठी. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की रात्री दोनला जाग येते. रात्रपाळी चालू असली तर मिलचा आवाज ऐकत पडतात, बंद असली तर आवाज का नाही म्हणून उठून बसतात.

तिसऱ्या भेटीत कारण कळलं. नऊ वर्षांचे असताना, वडिलांच्या काळात, एका मजुराचा हात जिनच्या रोलरमध्ये गेलेला त्यांनी पाहिला होता. बांधायला काही नव्हतं, म्हणून हाताशी होती ती रुईच जखमेवर दाबली. जीपमध्ये मागच्या सीटवर त्या माणसाशेजारी हे बसले होते. “पांढरी रुई कशी भरत जाते ते अजून दिसते,” म्हणाले. “मिल माझ्या हातात आली त्या दिवशीच ठरवलं. माझ्याकडे अपघात होणारच नाही. झालाच नाही पाहिजे.”

हा ‘च’ माझ्या कानाला लगेच लागतो. मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे माणसाचे हट्टी विचार तपासून, काम करते. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती मांडली. इच्छा आणि हट्ट यांतला फरक समजावायला त्याला पानंच्या पानं खर्चावी लागली, आपल्या मराठीत तो एका अक्षरात मावतो. ‘अपघात होऊ नये’ ही इच्छा. ‘झालाच नाही पाहिजे’ हा हट्ट. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट रात्री दोनला उठवतो. पण हे त्या दिवशी मी बोलले नाही. पहिल्या झटक्यात ‘च’ दाखवला की माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन तसंच वागतात, हे मी शिकलेय.

त्याऐवजी मिल पाहायला गेले.

फाटकातून आत शिरताच काळा बोर्ड. वर पिवळ्या रंगात ‘अपघाताविना दिवस’ आणि खाली खडूने २१४. दोन हंगामांतले चालू दिवस मोजलेले. रोज सकाळी मालक स्वतः आकडा बदलत. ३०० झाले की साऱ्या मिलला जेवण आणि प्रत्येकाला स्टीलचा डबा, असं जाहीर केलेलं. बोर्ड दाखवताना त्यांचा चेहरा असा खुलला की माझाही खुलला. खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना आवडली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी बायांपुढे बोलले. चाळीस मिनिटं, चित्रं दाखवून. साऱ्या जणी हो म्हणाल्या. आपल्या बाया पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. सुट्टी संपली, सगळ्या उठल्या, मास्क होते तसे हनुवटीवर. माझं व्याख्यान पार वाया गेलं.

निघताना एक मावशी दिसली. साठीची असेल. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कापूस वेचताना घालतात तसा, आणि पदर शर्टाच्या आत खोचून वरून सुतळी बांधलेली. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्याच जणींचं तसंच. मास्क कुणी घालत नव्हतं, पण सुतळी एकीचीही सुटलेली नव्हती.

“मावशी, हे कोणी सांगितलं घालायला?”

“कोणं नाई सांगतलं जी. मागच्या साली पदर गेलता पट्ट्यात.”

“मग?”

“मंग का, ओढला. अर्धं लुगडं गेलं. तवापासून आमीच ठरोलं, पदर बांधल्याबिगर आत पाय टाकाचा नाई. नवी बाई आली का तिले पयले सुतळी देतो.”

“शेटजींना नाही सांगितलं?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच आज गावात आले. “सांगून का करता, बाई? बोर्ड पुसा लागला असता न त्यायले.”

‘माणसं ऐकत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. या बायांनी कुणी न सांगता नियम केला होता, तो रोज पाळत होत्या, नवीन बाईला शिकवत होत्या. मोठ्या कंपन्या यासाठी तज्ज्ञ बोलावतात. आणि मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. “शेटजींना सांगू का?” असं मी विचारलं. ती म्हणाली, “सांगा. माह्यं नाव नोका सांगू.”

पुढच्या भेटीत मी सांगितलं. मालकांचा चेहरा लाल झाला. “कोण होती? मुकादमाला माहीत होतं?” खिशातून फोन काढलासुद्धा.

“फोन करून काय विचाराल?”

“मला सांगितलं का नाही ते!”

“त्या दिवशी सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सुटलं, पुन्हा गुंडाळलं. माझ्या खोलीतलं घड्याळ टिकटिक करतं हे मला एरवी कळतही नाही, तेव्हा कळलं. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं.

“मुकादमाला झापलं असतं,” ते शेवटी म्हणाले. “तिला चार दिवस घरी बसवलं असतं. बोर्ड पुसला असता.” मग हळूच, “डबेही गेले असते सगळ्यांचे. म्हणजे सांगितलं असतं तर साठ जणांचं नुकसान होतं. नाही सांगितलं तर एक लुगडं.”

मी काहीच बोलले नाही. ते बोलत राहिले. “मॅडम, त्या हात गेलेल्या माणसाचं... नंतर लोक म्हणत होते की तो रोलर आठ दिवसांपासून अडकत होता. रोज हात घालून मोकळा करायचे. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.”

“का नसेल सांगितलं?”

“बाबा फार कडक होते.” एवढं बोलून ते स्वतःच थांबले. बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “मीही तसाच ओरडतो.”

इतकी वर्षं ते त्या रक्ताला भीत होते, आणि त्या भीतीपायी त्यांनी मिलमध्ये पुन्हा तीच शांतता आणून बसवली होती, जिच्यात तो हात गेला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं त्यांनाच दिसलं, आणि असं दिसलेलं सहसा पुसलं जात नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच.

त्यानंतर ‘च’ची गोष्ट काढली. त्यांची पहिली शंका सगळ्यांची असते तीच: “च काढला तर ढिलाई येईल.” येत नाही. ‘झालाच नाही पाहिजे’ म्हणणाऱ्याला झालेलं ऐकवत नाही, म्हणून तो ऐकवणाऱ्यावर चिडतो, आणि मग ऐकवायला कुणी येत नाही. ‘होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून होता होता वाचलेलं मला आधी कळू दे’ असं म्हणणारा माणूस जास्त कडक राहू शकतो, कारण कशाबद्दल कडक व्हायचं ते त्याला ठाऊक असतं. हाइनरिश नावाच्या अमेरिकन विमावाल्याने १९३१ मध्ये हिशोब मांडला होता: एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० थोडक्यात निभावलेले. हे नेमके आकडे आज अनेक अभ्यासकांना मान्य नाहीत. पण पदर, अडकणारा रोलर, घसरता घसरता वाचलेला पाय या मोठ्या घटनेआधीच्या चिठ्ठ्या असतात, हे कुठल्याही फिटरला विचारा.

मग आम्ही अगदी साध्या गोष्टी ठरवल्या. कुणी काही सांगायला आलं की मालकांचं पहिलं वाक्य, “बरं झालं सांगितलं.” राग आला तरी हेच. राग आतून गेला पाहिजे अशी माझी अट नव्हती, तोंडातून पहिला बाहेर पडू नये इतकीच. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही, ‘कसं झालं?’ एवढंच. (हा ‘च’ मी ठेवू दिला.) डब्यांचा आकड्याशी संबंध तोडला. जेवण आणि डबे हंगाम संपला की सगळ्यांना. बंद करायचं बटण कुणीही दाबावं, त्याबद्दल बोलणी खावी लागणार नाहीत, हे मालकांनी सगळ्यांसमोर मुकादमाला सांगितलं. मजुरी गाठींवर ठरत असेल तर मशीन थांबवणाऱ्याच्या खिशाला चाट बसते, म्हणून तेवढ्या वेळाचे पैसे धरायचे. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग मजुराला लालची म्हणतात.

एक स्पष्ट सांगते. फिरत्या पट्ट्याला जाळी हवी हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं होतं. तो समुपदेशनाचा विषय नाही. ज्यांच्याकडे जाळी नाही आणि जे मला ‘मजुरांची मानसिकता बदला’ म्हणतात, त्यांना मी आधी लोहाराकडे पाठवते. या मालकांनी त्याच आठवड्यात जाळी बसवली.

बोलणं सुरू झाल्यावर काय काय निघालं, त्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाजाराच्या दिवशी मिलला सुट्टी. दुसऱ्या दिवशी काही माणसं सुस्त असायची, काही यायचीच नाहीत. बाजाराची दारू, असं मालक म्हणायचे. मीही तेच धरून चालले होते. मग एक गडी म्हणाला, तो थेंबही घेत नाही, तरी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळून येते, पुढे दोन दिवसांत उतरते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही ओळखीची खूण आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. सुरुवातीला धूळ टळली तर माणूस सावरतो, वर्षानुवर्षं तसंच चाललं तर फुप्फुसाचं नुकसान कायमचं होऊ शकतं. आम्ही त्या माणसांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि माणसं कामावर असताना होणारी झाडलोट पाळी संपल्यावर करायला लावली. आळस, दारू, बेफिकिरी हे शब्द किती पटकन तोंडात येतात, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

मास्कचंही तसंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. नंतर गावोगाव सुरक्षा किट वाटल्या गेल्या आणि पाठोपाठ ‘लोक घालत नाहीत’ हेही आलं. छातीएवढ्या कपाशीत, भादव्याच्या उकाड्यात, ती किट अर्धा तास घालून पाहिलेला माणूस तक्रार करणाऱ्यांत मला अजून भेटलेला नाही. मालकांना मी म्हटलं, एक पाळी तुम्ही मास्क लावून काढा. दीड तासात काढला. मग तीन तऱ्हेचे मास्क आणून मावशींच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी दोन लगेच बाजूला सारले.

मनाच्या आरोग्याचा वेगळा कार्यक्रम आम्ही केला नाही. पदराचं बोलता येऊ लागलं की झोपेचं, कर्जाचं, घरातल्या मारहाणीचंही बोलता येतं. उलट्या क्रमाने सहसा होत नाही, त्या शाखाधिकाऱ्यांच्या कागदाचं तेच झालं होतं. मुकादमाच्या खोलीत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मात्र लिहून ठेवला. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बोर्डाचं काय करायचं यावर मालक आठवडाभर अडून बसले. शेवटी आकडा पुसला. आता मुनीमजी त्यावर कापसाचा रोजचा भाव लिहितात.

मागच्या महिन्यात रात्री नऊला त्यांचा फोन आला. “मॅडम, आज तिघांनी येऊन सांगितलं.”

“मग?”

“पहिल्या दोघांना बरं झालं म्हटलं. तिसरी मावशी होती. तिच्या वेळी राग आला. आधी जाऊन पाणी प्यालो.”

“असं काय सांगितलं तिनं?”

“म्हणे, शेटजी, तुमी जिनजोळ येता तवा तो दुपट्टा काढून येत जा.”

“मग काय म्हणालात?”

“गाडीत ठेवलाय आता.”